लेन्सच्या फडक्याला खळ

कॅमेऱ्याची लेन्स पुसायच्या फडक्याला मी एकदा खळ घातली. वर इस्त्रीही केली.

हे सांगितलं की ऐकणारे हसतात. ज्यांच्या घरी आता कुणी खळ करत नाही ते जरा उशिरा हसतात, एवढंच. पण त्या फडक्यापायी बायको माझ्यापासून आणखी दोन वर्षं लांब राहिली, असं मी पुढं जोडलं की हसणारे माझ्या तोंडाकडे बघू लागतात. खरंच फडक्यापायीच का, हा प्रश्न वेगळा. मी तरी एक दुपारभर तसंच धरून चाललो होतो.

तेव्हा मी हैदराबादेत, बरकतपुऱ्यात, माझ्या आत्याकडे राहत होतो. आत्या एकटी. तिचे यजमान वकील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची कडक शिस्त घरात शिल्लक होती, आणि ती मुख्यतः कपड्यांत राहत होती. आत्याच्या घरात लुळं काही चालायचं नाही. तिची सुती लुगडी, उशांचे अभ्रे, दाराचे पडदे, माझे ऑफिसचे शर्ट, सगळ्याला खळ. आमच्याकडे तिला गंजी म्हणायचे. रविवारी भात वेळला की पेज बाजूला निघायची, ती पातळ करून गाळायची, त्यात चिमूटभर नीळ आणि खोबरेल तेलाचे चार थेंब. तेल कशाला, तर इस्त्री चिकटू नये म्हणून. रुमालालासुद्धा हीच दीक्षा मिळायची. सर्दी झाली की माझं नाक आधी रुमालानं सोलवटायचं आणि मग वाहायचं. तक्रार केली तर आत्या म्हणायची, "लुळा रुमाल खिशात ठेवून ऑफिसात जाणार? लोक काय म्हणतील, आत्या आजारी आहे का?"

अशा घरात मुरलेल्या माणसाला ताठ म्हणजे स्वच्छ आणि लुळं म्हणजे घाण, एवढंच कळतं. माझ्या गुन्ह्याला हे एवढं कारण पुरे आहे. बाकीचं माझं स्वतःचं कर्तृत्व.

मी वीज खात्यात कारकून होतो. बायको नांदेडच्या पुढं, एका तालुक्याच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शास्त्र शिकवायची. आमच्या आजोबांच्या काळात ही दोन्ही गावं एकाच राज्यात होती. तेव्हाच्या मास्तराला अर्ज करून बदली मागता आली असती. आमच्या वाट्याला मध्ये सीमा आली. ती महाराष्ट्राची नोकर, मी आंध्रचा. बदली कुणाकडे मागायची, हे दोन्हीकडच्या साहेबांना ठाऊक नव्हतं. आणि पेपरात रोज छापून यायचं की देश मोकळा झाला. आबिड्सच्या दुकानांत परदेशी टीव्ही आले, बाहेरच्या कंपन्यांना दारं उघडली, आत्याच्या गल्लीत एका छपरावरून दुसऱ्या छपरावर केबलच्या तारा लोंबू लागल्या. जपानहून कॅमेरा यायला आता अडचण नव्हती. नांदेडहून एका मास्तरणीला यायला मात्र होती.

म्हणून मी दुसऱ्या शनिवारी सकाळी काचीगुड्याला गाडी पकडायचो. दुपारी नांदेड, तिथून एसटी, आणि ऊन उतरता उतरता तिच्या दारात. रविवारी जेवलं की परत. या जाण्यायेण्यात बोलायचं ते राहून जायचं. पोचलो की ती विचारायची, "आत्या कशा आहेत?" मी म्हणायचो, "ताठ आहेत." ती हसायची. तेवढ्यात चहा व्हायचा, मग शेजारीण यायची, मग तिच्या शाळेतल्या पोरींच्या वह्या निघायच्या, आणि मी तिच्याकडे बघत बसायचो. ती वही तपासताना खालचा ओठ दाताखाली धरते. महिनाभर मला तो ओठ आठवायचा, आणि प्रत्यक्ष समोर आला की मी "यंदा ऊन जास्त आहे" असलं काहीतरी बोलायचो.

कॅमेरा मी त्यासाठी घेतला. पूर्वी असे कॅमेरे जेद्दाहून कुणाच्या तरी बॅगेतून, मोज्यात गुंडाळून यायचे. आता ते आबिड्सला काचेच्या कपाटात मांडलेले असायचे, मागून दिवा लावून. माझा छोटा, काळा, पंजात मावणारा. त्याच्याबरोबर एक राखाडी फडकं आलं, रुमालाच्या निम्मं. असलं कापड मी आधी कधी हातात धरलं नव्हतं. सुती नाही, रेशमी नाही. बोटांवर ठेवलं की बोटांचाच आकार घ्यायचं. दुकानदार म्हणाला, "कपडे कू संभालो साब, कॅमेरा खुद संभलता." पुढं त्यानं ते कसं धुवायचं, काय लावायचं नाही, हे सगळं सांगितलं. मी मान डोलवत होतो. ऐकत नव्हतो. लेन्समध्ये माझा चेहरा दिसत होता आणि मी केस नीट करत होतो.

तिच्या अंगणात फोटो काढायचा म्हणजे मोठा सोहळा असायचा. तिला उभं करायचं, दोन पावलं मागं जायचं आणि फडकं काढायचं. मग लेन्स पुसायची. हळूहळू, आतून बाहेर, गोल गोल. खरं म्हणजे लेन्सवर काही नसायचं. पण पुसत असताना तिच्याकडे वाटेल तितका वेळ बघता यायचं, आणि त्याला काम म्हणता यायचं.

"झालं का?"

"थांब, पुसतोय."

"उभी मी, आणि आंघोळ काचेला! काढा लवकर, माझी कणीक वाळली."

एका भेटीत चार-पाचच फोटो व्हायचे. रोल छत्तीसचा. तो संपेपर्यंत धुवायला द्यायचा नाही, हे आमच्या मध्यमवर्गीय रक्तातच. त्यामुळं मी हैदराबादला परतायचो तेव्हा ती कॅमेऱ्याच्या आत असायची. दिसायची नाही, पण असायची. आत्याच्या कपाटात, वकीलसाहेबांच्या धोतरांच्या घड्यांशेजारी, मी तो कॅमेरा ठेवायचो. ऑफिसातून आलो की कपाट उघडून बघायचो. उघडून काय बघणार? बंद डबी. मग कॅमेऱ्याच्या पाकिटातून फडकं काढून ती डबी पुसायचो. तिच्या अंगणातली थोडी धूळ त्या फडक्यात असायची, ती कॅमेऱ्याला लागायची आणि कॅमेऱ्याची फडक्याला. हे बरेच महिने चाललं. फडकं मळत गेलं. ते धुवावं असं मला वाटलं नाही. वाटलं तेव्हा काय केलं ते वर सांगितलंच आहे.

आता मुख्य गोष्ट. शहरातल्या एका मराठी शाळेत शास्त्र शिकवायची जागा निघाली. पगार कमी, पण जागा कायम व्हायची शक्यता होती. बायकोनं अर्ज करायचा म्हणजे तिकडची पक्की नोकरी सोडायची. एप्रिलच्या अखेरीपर्यंत ठरवायचं होतं. मी एसटीडी बूथच्या काचेच्या पेटीत उभा राहून तिच्या घरमालकांकडे फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. ती लगेच हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

"राहायचं कुठं?"

हा प्रश्न रास्त होता. तिला दमा होता. आत्याचं घर तळमजल्यावर, भिंतीला लागून हौद; पावसाळ्यात कॅलेंडरसुद्धा मऊ पडायचं. दर वेळी ती आली की तिसऱ्या दिवशी तिची छाती वाजू लागायची आणि आत्या ओवा भाजायला घ्यायची.

"वेगळं घर बघतो," मी म्हणालो.

"कोरडं बघा. उजेड हवा, वारा हवा. तसं घर असेल तर मी विचार करते."

मी महिनाभर घरं बघितली. शेवटी मलकपेठेत मिळालं. वरचा मजला, तीन बाजूंनी खिडक्या, गच्चीवर चढलं की सकाळी रेसकोर्सवर फेऱ्या मारणारे घोडे दिसायचे. घरमालकीण खाली राहायच्या. सगळा मोहल्ला त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. त्यांनी मला खिडकीत उभं केलं आणि म्हणाल्या, "हवा ऐसी आती मियाँ, पंखा शरमा जाता." खरंच यायची. मी त्या रिकाम्या खोलीत उभा होतो, आणि दुसऱ्या खोलीत ती वह्या तपासत बसली आहे असं मला इतकं स्वच्छ वाटलं, की मी दबक्या पावलानं गेलो.

फोनवर तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला येऊन बघता यायचं नाही, परीक्षा चालू आहेत. फोटो काढून पाठवा."

फोटो! माझ्याकडे कॅमेरा होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे नेमकी हवी ती वस्तू हव्या त्या वेळी होती.

तयारी म्हणून मी रविवारी फडकं धुवायला काढलं. आत्याचे गुडघे सुजले होते, म्हणून सगळं धुणंही त्या दिवशी माझ्याकडेच. मी उत्साहात होतो. लुगडी, अभ्रे, शर्ट झाले. खळीचं पातेलं समोर. हातात ते लुळं, राखाडी, बिचारं फडकं. साबणानं खसाखसा घासलं तरी ते लुळंच. मला त्याची दया आली. मी ते पातेल्यात बुडवलं, पिळलं, टॉवेलांच्या मध्ये उन्हात घातलं आणि संध्याकाळी आत्याच्या इस्त्रीनं त्याची चौघडी केली. काय घडी झाली होती! कडेनं बोट कापलं असतं. आत्यानं ती पाहिली आणि म्हणाली, "आता कसं माणसात आलं."

पुढच्या सकाळी मी रजा टाकून मलकपेठेला गेलो आणि नवा रोल भरला. पहिला फोटो काढण्याआधी लेन्स पुसली. फडकं करकर वाजलं. मला बरं वाटलं. भांडं लख्ख घासलं की असंच वाजतं. दुसऱ्या फोटोआधी पुन्हा पुसली. तिसऱ्याआधी पुन्हा. तिच्या दम्याचा प्रश्न होता, हयगय करून कसं चालेल? प्रत्येक फोटोला मी लेन्सवर तांदळाची पेज, नीळ आणि खोबरेल यांचा एकेक ताजा हात देत गेलो. आणि उजेड किती आहे हे तिला कळावं म्हणून बहुतेक फोटो खिडकीकडे तोंड करून काढले. मला स्वतःला काही दिसायचं कारण नव्हतं, कारण त्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी होती आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. मी ज्या काचेतून बघत होतो ती मी पुसलीच नव्हती. म्हणून ती स्वच्छ होती.

फोटो धुऊन आले तेव्हा तेलुगू स्टुडिओवाल्यानं पाकीट देताना विचारलं, "एमंडी, अहो, घरात धूर होता का?"

मी त्याच्याकडे तुच्छतेनं बघितलं. फोटो मला फार आवडले होते. प्रत्येक खोलीत दुधासारखं काहीतरी पसरलेलं, खिडक्यांना तेजाची वलयं, भिंती ढगातल्यासारख्या. तेव्हाच्या जाहिरातींत बाई केसांना तेल लावत असली की तिच्याभोवती असंच धुकं असायचं. मला वाटलं, माझ्या मनातलं काहीतरी फोटोत उतरलंय. मी पाकीट नव्यानं निघालेल्या कुरियरनं धाडलं, सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत खोल्यांची मापं, पाण्याची वेळ आणि बस स्टॉपचं अंतर.

चार दिवसांनी पुन्हा काचेच्या पेटीत उभा राहिलो.

"मिळाले का फोटो?"

"मिळाले."

"मग?"

"घर ओलं आहे हो."

"काय?"

"भिंती बघा ना. वरपासून खालपर्यंत पांढरट. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तर धुकं बसलंय."

"अगं, एप्रिल महिना आहे! इथं माणसाच्या अंगावरचा घाम वाळतोय."

"मग धूर असेल. खाली भट्टी आहे का कुणाची? बेकरी?"

"बेकरी कशाला असेल?"

"असेल एखादी. तुम्हाला कुठला वास येतोय? तुम्हाला नाकच नाही."

"मी खोटं कशाला सांगू तुला?"

"खोटं नाही हो सांगत तुम्ही. तुम्हाला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसलं."

कॅमेऱ्यावर माझाही विश्वास होता. बाहेर लोक काचेवर टकटक करत होते. मी म्हणालो, "मग काय करायचं?" ती म्हणाली, "यंदा राहू द्या." अगदी हळू म्हणाली, जणू मला कुठं लागलंय आणि ती त्यावर फुंकर घालतेय. आणि फोन ठेवला.

ती जागा जूनमध्ये भरली.

त्याआधीच मी खालांना सांगायला गेलो की घरवालीला भिंतींत ओल दिसली. चूक झाली. खालांच्या हातात अडकित्ता होता. त्या उठल्या.

"मेरे घर में सील? किसने बोला?"

"फोटो में दिखी, खाला."

"फोटो कू क्या मालूम? चलो ऊपर."

वर नेऊन त्यांनी मला भिंतीसमोर उभं केलं. "गाल लगाओ."

"जी?"

"गाल लगाओ बोली मैं. हाथ कू धोखा होता, गाल कू नहीं होता."

मी गाल लावला. मे महिन्यातल्या मलकपेठेतली पश्चिमेची भिंत. गाल भाजला. त्यांनी मला त्या घरातल्या एकूण एक भिंतीला गाल लावायला लावला, आणि शेवटी विचारलं, "अब बोलो." मी म्हणालो, घर मी घेतो. घाबरून म्हणालो की हट्टानं, मलाही सांगता येणार नाही. आत्या रागावली, पण माझ्या सामानात तिनं खळीचं एक पातेलं घातलं.

त्या घरात मी एकटा राहू लागलो. तिनं यावं म्हणून शोधलेलं घर, त्यामुळं मी त्यात पाहुण्यासारखाच वावरायचो. खिडकीजवळची जागा तिची, म्हणून मी तिथं खुर्ची टाकली नाही. सकाळी कोवळं ऊन पुढच्या खोलीत यायचं, दुपारी सरकत स्वयंपाकघरात जायचं, आणि सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या मागोमाग खोल्या बदलायचो. पहाटे रेसकोर्सवरून टापांचा आवाज येई. हे तिला ऐकवावं, असं रोज वाटायचं. दुसऱ्या शनिवारी गेलो की आठवणीनं सांगायचं ठरवायचो, आणि तिथं पोचल्यावर सांगायचो, "नांदेडला गाडी आज वेळेवर आली." ती त्या घराचा विषय काढत नसे. मीही नाही. फोटोही काढत नव्हतो. कॅमेरा खुंटीला टांगलेला, पाकिटात ते ताठ फडकं.

पुढं ती आली. दोन वर्षांनी दुसऱ्या एका शाळेत तिला जागा मिळाली, आणि तेव्हापासून ती आहे. आत्ता शेजारच्या खोलीत पेपर वाचतेय. वाचताना बोलते, त्यामुळं मलाही बातम्या कळतात. तरी कधीकधी दुसऱ्या शनिवारी सकाळी मला जाग येते आणि काचीगुड्याला जावंसं वाटतं. कुणाकडे? ती तर इथंच आहे. मग मी उठतो आणि लेन्सची फडकी धुवायला घेतो. चार-पाच जमलीत आता. वकीलसाहेबांच्या धोतराचं एक आहे, शंभर धुण्यांनी सायीसारखं झालेलं. कोमट पाणी, त्यात गाळलेलं रिठ्याचं पाणी अगदी थोडं. घासायचं नाही, नुसतं दाबायचं आणि सोडायचं, दाबायचं आणि सोडायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळायचं. पिळायचं नाही. टॉवेलांपासून लांब, सावलीत वाळत घालायचं, कारण टॉवेलाची लव चिकटली की काचेला ओरखडे जातात. वाळलं की झटकून डब्यात. फोनमध्ये कॅमेरा आल्यापासून ही फडकी कुणाला लागत नाहीत. मला लागतात. ही सगळी विद्या मला कुठं मिळाली, ते सांगून संपवतो.

ती जागा हुकली, त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती पहिल्यांदा मलकपेठेच्या घरी आली. जिना चढतानाच तिनं पदर नाकाला लावला. खाला खालून मान वर करून बघत होत्या. बायको आत आली, पदर तसाच धरून खोलीच्या मधोमध उभी राहिली. मग एक बारीक श्वास घेतला. मग मोठा. पदर खाली आला. ती भिंतीशी गेली आणि तिनं तळवा टेकला. दुसऱ्या भिंतीशी गेली. मी म्हणालो, "गाल लाव. हाताला फसवता येतं." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खुंटीवरचा कॅमेरा सरळ करू लागलो.

"घर तर कोरडं आहे," ती म्हणाली.

"मग मी काय सांगत होतो?"

"मग फोटोत ते काय होतं?"

"कोण जाणे. कॅमेऱ्याला दिसलं, असं तूच म्हणालीस."

प्रवासानं तिच्या चष्म्यावर धूळ बसली होती. तिनं तो काढला. "काही मऊ आहे का पुसायला?" मी तत्परतेनं खुंटीवरून कॅमेऱ्याचं पाकीट काढलं आणि चौघडी फडकं तिच्या हातात दिलं. खास काचेसाठीचं आहे, हेही सांगितलं. तिनं ते उलगडलं, जरा चमकली, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि खिडकीकडे बघितलं. आणि तशीच उभी राहिली.

"अहो."

"काय?"

"आली."

"कोण आली?"

"ओल."

तिनं चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. मग फडकं नाकाशी नेलं. शास्त्राची मास्तरीण, प्रयोग अर्धा सोडणार नाही.

"हे खोबरेल. आणि नीळ. अहो, याला खळ घातलीत?"

"आत्याकडे सगळ्यालाच घालतात."

"उद्या पापण्यांना घालाल!"

अभ्यंगासाठी तिनं रिठे आणलेच होते. तिनं कोमट पाणी घेतलं, रिठ्याचं पाणी गाळलं आणि जमिनीवर बसून ते फडकं त्यात सोडलं. मी म्हणालो, मी करतो. ती म्हणाली, "लांब बसा." मी लांब बसलो, म्हणजे दीड हातावर. पाणी गढूळ निळसर झालं. तिनं ते ओतलं, दुसरं घेतलं. पुन्हा निळसर. फडकं हळूहळू तिच्या बोटांवर लोळू लागलं, पहिल्यासारखं. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती मान खाली घालून खालचा ओठ दाताखाली धरून बसली होती. सहा महिने मी हे घर जसं बघत आलो होतो तसं ते त्या घटकेला होतं. फोटो काढावा असं मनात आलं. पण फडकं तिच्या हातात होतं.

सावलीत दोरीवर टाकलेलं फडकं बघता बघता वाळलं. तिनं चष्मा पुसून घातला आणि खोली नीट बघितली, सगळी, कोपऱ्यांसकट. मग आपल्या पिशवीतून ते फोटोंचं पाकीट काढलं. ते तिनं जपून ठेवलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं फोटो जमिनीवर मांडले आणि प्रत्यक्ष खोलीशी ताडून बघू लागली.

मला एकच गोष्ट विचारायची होती. जून गेला होता, जागा गेली होती, तीन दिवसांनी ती परत जाणार होती. विचारून काही बदलणार नव्हतं. तरी विचारलं.

"खरं सांग. मी खळ घातली नसती, फोटो लख्ख आले असते, तर आली असतीस ना तू?"

ती फोटोंवरच बघत होती.

"नसते आले."

"का? घर तर कोरडं..."

"घर कोरडं आहे हो. अख्खा रोल संपवलात. त्यात नळाचे तीन फोटो आहेत, तुमचा एकही नाही. मी काय नळाशी संसार करायला येणार होते?"